रुखवतातला कॉम्प्युटर

आमच्या मध्य प्रदेशातल्या देवासच्या मराठी घरांत एक नियम आहे. लग्नात रुखवताच्या टेबलावर जे मांडलं, ते सगळं नवरीबरोबर सासरी जातं. विणलेली तोरणं, मण्यांचा गणपती, साबणाच्या वड्यांवर टाचण्यांनी चढवलेली फुलं, सगळं. सासरच्यांना आवडो न आवडो, टेबलावरची वस्तू उचलून 'ही राहू दे इथेच' असं कोणी म्हणत नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे विहिणीचा अपमान. या नियमाचा माझ्याइतक्या हुशारीनं उपयोग आजवर कोणी केला नसेल, असं मला माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी वाटत होतं. दुपारपर्यंत वाटेनासं झालं.

मी पोटासाठी शेवेच्या पाकिटांवरची अक्षरं करते. लसणी शेव, लवंगी शेव, पालक शेव. देवासच्या दुकानांतून माळेसारखी लटकणारी बरीच पाकिटं माझ्या हातची आहेत आणि हे सांगताना माझी छाती फुगते. ते काम संपलं की माझं स्वतःचं काम सुरू होतं. हाताला येईल ते मी स्कॅनरवर आडवं करते: बसचं तिकीट, ब्लाउजपीसची दोरे सुटलेली कड, चिवड्यातली तळलेली मिरची. मग स्क्रीनवर त्यांचे तुकडे करायचे, एकावर एक रचायचे आणि त्यांतून अक्षरं बांधायची. हे कोणी मागत नाही, विकतही घेत नाही, आणि याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळत नाही. एखाद्या 'क'चं पोट मनासारखं गोल झालं की मी खुर्चीवरून उठून खोलीत नाचते. आई बाहेरून विचारते, 'झालं वाटतं?'

साखरपुड्याला धारहून मंडळी आली. होणाऱ्या सासूबाईंनी मला धारजवळच्या बाग गावच्या ठसेकामाची लाल-काळी साडी दिली आणि कौतुकानं विचारलं, 'करतेस काय गं तू दिवसभर?' मी हुरळून त्यांना माझ्या खोलीत नेलं. मोठा स्क्रीन, स्कॅनर, खाली घुंघुं करणारा डबा, वायरींचा गुंता. त्यांनी सगळं निरखलं, पदर खांद्यावर सारखा केला आणि म्हणाल्या, 'छान आहे हो. पण हे यंत्र माहेरीच असू दे. आमच्याकडे समोरच्या खोलीत माणसांची ये-जा, आतल्या खोलीत देव. माहेरपणाला आलीस की बस याच्यापुढे.' आवाज इतका गोड होता की तो नकार आहे हे मला त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर कळलं.

मी लगेच नवऱ्याला फोन लावला. तेव्हा तो नवरा व्हायचा होता, पण भांडायला पुरेसा जवळचा झाला होता. तो म्हणाला, 'आई एकदा बोलली की बोलली. आपण छोटासा लॅपटॉप घेऊ ना.' मी म्हटलं, 'लॅपटॉपच्या स्क्रीनवर अक्षराचं पोट दिसतं का? आज म्हणतोस छोटा लॅपटॉप घेऊ, उद्या म्हणशील छोटी बायको घेऊ.' तो हसला आणि मी आणखी चिडले. माझं सगळं काम त्या डब्यात होतं. ते देवासला आणि मी धारला, म्हणजे मी अर्धीच नांदायला जाणार होते. हे त्याला कळत होतं, पण आईपुढे बोलायची त्याची छाती नव्हती. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्या बाबतीत अगदी मेणाचा.

रागातच मला रुखवत सुचलं. टेबलाच्या मधोमध कॉम्प्युटर ठेवायचा, चालू करून, आणि भोवती माझे सगळे कोलाज छापून पुठ्ठ्यावर चिकटवून उभे करायचे. म्हणजे कॉम्प्युटर हे रुखवत झालं, आणि रुखवत परत करता येत नाही! मी आईला सांगितलं. तिनं माझ्या लग्नासाठी लोकरीची तोरणं कधीचीच विणून ट्रंकेत ठेवली होती. ती म्हणाली, 'रुखवतात कॉम्प्युटर? अगं, लोक हसतील.' मी म्हटलं, 'हसू देत. पण परत पाठवू शकणार नाहीत.' आईच्या डोक्यात उजेड पडला आणि ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. 'कार्टे,' म्हणाली, आणि त्या मिनिटापासून माझ्या कटात सामील झाली.

पुढचे दिवस मी अक्षरशः हवेत होते. आमच्याकडे रुखवतात खाण्याचे पदार्थ ठेवणं केव्हाच बंद झालंय, मुंग्या होतात म्हणून. मी ठरवलं, खाणं अक्षरांत करायचं. आईनं लाडू वळले, मी ते स्कॅनरवर ठेवले, काचेवर तूप माखलं, आई ओरडली, मी काच पुसली आणि लाडू खाऊन टाकले. सगळे कागद गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फ्लेक्सवाल्या भियांकडे, म्हणजे भैयांकडे, छापले. ते एरवी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर छापतात. माझा 'लाडू' मशीनमधून बाहेर येताना बघून ते म्हणाले, 'बेन, इसमें किसका फोटू लगेगा?' मी सांगितलं, कोणाचाच नाही. त्यांना माझी फार काळजी वाटली.

लग्नाच्या दिवशी सकाळी भवनात, म्हणजे कार्यालयात, टेबल लागलं. मधोमध स्क्रीन झगमगत होता आणि त्याला आईनं झेंडूची माळ घातली होती. मी नऊवारीत, कपाळाला मुंडावळ्या, आणि मनात लाडू फुटत होते. धारची बस इंदूरमार्गे आली. बसमधून नवऱ्याचे भाऊ, मित्र, चुलतभाऊ अशी पोरांची झुंड उतरली, आणि चहाकडे ढुंकूनही न बघता थेट माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, काय ही रसिकता! पोरं टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधत फिरली. मग त्यांतला एक जण फार आदरानं म्हणाला, 'भाभी, बढ़िया है। पर लड्डू कां हैं?'

मी बोटानं दाखवलं.

'ये तो कागज का है!'

'हो, अक्षरांचा लाडू आहे तो.'

तो वळून बसच्या दिशेनं ओरडला, 'भिया, भाभी ने लड्डू की फोटू रखी है!'

तेव्हा कुठे उलगडा झाला. रुखवत म्हणजे मुळात लग्नाआधी वराकडच्यांना द्यायचं खाणं. आमच्या देवासच्या घरांत त्याची नुसती शोभा उरलीय, पण धारच्या या घरात जुना रिवाज जसाच्या तसा चालू आहे. ते रुखवत खातात! पोरं त्यासाठी मुद्दाम उपाशी आली होती. इंदूरला बस थांबली, समोर गरम पोहे होते, पण रुखवताला जागा ठेवायची म्हणून एकानंही घास घेतला नव्हता. आईच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा अक्षतांची पिशवी हातात घेऊनच चौकाकडे पोहे-जिलबी आणायला धावले.

मला मात्र हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात नवरा सगळ्यांची नजर चुकवून माझ्यामागे येऊन उभा राहिला. घाबरलेल्या आवाजात कुजबुजला, 'अगं, हा कॉम्प्युटर इथे कशाला ठेवलास? आमच्याकडे रुखवत लुटतात.'

'लुटतात म्हणजे? खातात ना?'

'खाण्याचं खातात. बाकीचं वाटून घेतात. पहिला हात आईचा, मग ताईचा, मग ज्याला जे मिळेल ते. ज्यानं उचललं ते त्याच्या घरी.'

'हे आधी का नाही बोललास?'

'मला काय माहीत तू टेबलावर कॉम्प्युटर ठेवशील! मला वाटलं लाडू असतील.'

माझं हसू जागच्या जागी थिजलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी सगळी वर्षं त्या डब्यात भरली होती, आणि मी तो हार घालून, चालू करून, लुटारूंच्या पुढ्यात मांडला होता. त्यात वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, खातेगावला दिलेली, आधीच स्क्रीनपाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी मायेनं त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. 'केवढा मोठा आहे गं! आमच्या पोरांच्या क्लासला किती बरं पडेल. तिकडे सगळी मोबाइलवर डोळे फोडून घेतायत.' त्या मनानं फार चांगल्या आहेत. त्या क्षणी मला त्या मुळीच चांगल्या वाटल्या नाहीत.

सासूबाई आल्या तशी सगळ्यांनी वाट दिली. पहिला हात त्यांचा. त्यांनी चष्मा लावला, टेबलावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, 'हे काय आहे ते कळल्याशिवाय कसं उचलायचं? सांग बघू एकेक.'

म्हणजे जोवर मी सांगतेय, तोवर लूट सुरू होत नाही. हे लक्षात आल्यावर माझी जी जीभ सुटली! मी अगदी लांबच्या टोकापासून सुरुवात केली. माझ्या कामाबद्दल मी आयुष्यात इतकं कधी बोलले नव्हते, कारण कोणी कधी विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर घाबरलेली असूनही मला मजा यायला लागली.

'हा लाडू. अक्षरं बेसनाची आहेत, पण डूचा दीर्घ ऊकार जिलबीचा आहे.'

'जिलबीचा का?' सासूबाईंनी विचारलं.

'लाडवाला वळता येत नाही. तो नुसता बसतो. खाली जाऊन परत वर वळायचं तर जिलबीच पाहिजे.'

मागून एक पोरगा म्हणाला, 'भाभी, जलेबी का नाम मत लो।'

पुढचा कागद लांबलचक होता. त्यावर 'माहेर' आणि 'सासर' हे दोन शब्द, आणि अक्षरांवरची आडवी रेघ म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. अक्षरं तिला चिमट्यांनी टांगलेली. वन्सं म्हणाल्या, 'दोन शब्दांच्या मधे रेघ तोडायची राहिलीय तुझी.' मी म्हटलं, 'राहिली नाही, मुद्दाम ठेवली. कागदावर दोन शब्दांमधे जागा सोडावी लागते. मला ती सोडायची नव्हती.' हे बोलता बोलता मी पदरानं डोळे टिपायला लागले. असं काही होईल याची मला कल्पनाच नव्हती. आईनं मान वळवली. सासूबाई वाकून बघत होत्या. 'मधे दोरी खाली आलीय,' त्या म्हणाल्या. मी नाक ओढून म्हटलं, 'कपडे ओले आहेत ना.' त्या हसल्या. नकार द्यायच्या आधी हसतात तशा नव्हे, खऱ्या हसल्या.

मग उखाणा. जाड, ट्रकच्या मागे रंगवतात तसल्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना सावली असलेला, आणि नवऱ्याच्या नावाच्या जागी मोठी मोकळी जागा. एका काकूंनी विचारलं, 'दोन्हीकडे सावली कशी पडेल?' मी म्हटलं, 'आमच्या इथले पेंटर देतात. त्यांच्याकडे दोन सूर्य आहेत.' दुसऱ्या म्हणाल्या, 'आणि नाव कुठे गेलं?' मी म्हटलं, 'नाव तोंडानं घ्यायचं असतं, छापायचं नसतं. म्हणून जागा रिकामी.' लगेच चारी बाजूंनी 'घे, घे' सुरू झालं. मी तिथल्या तिथे नाव घेतलं. नवरा कानापर्यंत लाल झाला. एवढ्यात बाबा पोहे-जिलबीचे पुडे घेऊन आले, पोरं त्यावर तुटून पडली आणि मला वाटलं, चला, आणखी थोडा वेळ मिळाला.

पण टेबल संपत आलं होतं. स्क्रीनच्या अलीकडे एकच कागद उरला: 'संसार'. त्यावरचं टिंब म्हणजे साखरपुड्याच्या साडीवरचं एक लाल फूल. पूर्ण साडी मी स्कॅनरवर पसरून शोधली होती आणि नेमकं असं फूल निवडलं होतं, की जिथे छापताना ठसा सरकलाय आणि पाकळ्यांना दुहेरी कड आलीय. तेच मी ताटाएवढं मोठं केलं होतं.

वन्सं जवळ आल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. 'अगं, आईनं दिलेल्या साडीतला दोष हुडकून एवढा मोठा करून मांडलास?'

जिलबी खाणारी पोरंसुद्धा माना वर करून बघायला लागली. आईनं माझा हात धरला. मी म्हटलं, आता संपलंच आहे तर खरं ते सांगून टाकू. 'बाकीची सगळी फुलं अगदी एकसारखी होती. या एकाच ठिकाणी छापणाऱ्याचा हात कळत होता. मला फूल नको होतं, तो हात हवा होता. चुकलं असेल तर...'

'थांब,' सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि त्या फुलावर बोट ठेवलं. 'दुकानात मी याच फुलावर बोट ठेवून म्हटलं होतं, हे बिघडलंय, दुसरी दाखवा. दुसरी बघितली, तिसरी बघितली. आणि मग हीच घेतली.'

'का?' मी विचारलं.

'कोण जाणे. हिच्यावरच नजर बसली होती.'

मग त्या दोन पावलं पुढे गेल्या, झेंडूची माळ बाजूला केली आणि स्क्रीनवर हात ठेवला. 'हे माझं,' म्हणाल्या.

वन्सं म्हणाल्या, 'आई! तुला काय करायचंय?' पण पहिला हात तो पहिला हात. वन्सं मुकाट्यानं जिलबीच्या ऊकाराचा तो कागदी लाडू उचलून निघून गेल्या. तो अजून खातेगावला त्यांच्या स्वयंपाकघरात लावलेला आहे. पोरांनी बाकीचे कागद नेले. आईनं ट्रंकेतून धावत आणलेली लोकरीची तोरणंसुद्धा गेली. मी एकाच वेळी नाचायच्या आणि रडायच्या बेतात होते. कॉम्प्युटर धारला चालला होता, पण आता तो माझा नव्हता!

लग्न लागून निघालो, तेव्हा बसमध्ये मी सासूबाईंच्या शेजारी बसले होते. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, 'माझ्या घरात काय यायचं ते मी ठरवते. टेबलावर मांडून ठेवल्यानं ठरत नाही.' म्हणजे माझा डाव त्यांनी पहिल्या नजरेतच ओळखला होता. शेरास सव्वाशेर! पुढच्या सीटवर नवऱ्याचे खांदे हसून गदगदत होते.

धारला कॉम्प्युटर समोरच्या खोलीत खिडकीपाशी बसला. सासूबाईंनी त्याच्यावर धुतलेल्या कापडाचं पांघरूण घातलं. रोज कामं आटोपली की मी विचारायची, 'अहो आई, बसू का?' त्या म्हणायच्या, 'बस.' येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या अभिमानानं सांगायच्या, 'हे माझं. सून वापरते.' मला राग यायचा, आणि रागाच्या मागोमाग हसू. मी शेवेची पाकिटं करत होते, कोलाज करत होते, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडानं करणार?

एके दुपारी मी पांघरूण काढत होते, तेव्हा त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, 'आज मी सांगते ते कर. एक नाव लिही.' त्यांनी नाव सांगितलं. मी कधी न ऐकलेलं, एका मुलीचं. मी टाइप करत विचारलं, 'कोण या? पाहुण्यांपैकी?'

'मीच,' त्या म्हणाल्या. 'लग्नाआधीची.'

त्यांच्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं त्यांचं नवं नाव लिहिलं होतं, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. ताट उचललं आणि त्या दिवसापासून जुनं नाव कोणी घेतलं नाही. माहेरच्यांनीही नाही, तोही रिवाजच. माझं नाव बदललं नाही, कारण मी आधीच नाही म्हटलं होतं आणि नवऱ्यानं माझ्यामागून मान हलवली होती, आणि तेव्हा त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, त्यांना राग आलाय.

मी त्यांना अक्षरं दाखवायला लागले. वळणदार होती, ती त्यांना नको झाली. 'लग्नपत्रिका वाटते.' जाड होती, ती नको. 'पुढाऱ्यासारखं होतंय.' शेवटी एक साधं, पातळ, पाटीवर पेन्सिलीनं लिहिल्यासारखं वळण त्यांना पटलं. मी सवयीनं नाव मधोमध आणून मोठं केलं.

'मधे नको. इकडे कडेला घे. अजून. अगदी काठाला.'

'कडेला का?' मी विचारलं. आजवर हा प्रश्न सगळे मला विचारत आले होते.

'हाक कडेनंच येते ना गं,' त्या म्हणाल्या. 'कोणी मधोमध उभं राहून हाक मारत नाही. अंगणातून येते, जिन्याखालून येते.'

मी नाव काठाला नेलं. बाकी पान पांढरंच ठेवलं. तेही त्यांनीच सांगितलं. त्यावर काही चिकटवायची माझ्या हातांना फार इच्छा होत होती, पण मी हात मांडीवर ठेवले. त्यांनी खुर्ची स्क्रीनच्या आणखी जवळ ओढली. मग म्हणाल्या, 'वाच बघू. नीट वाचता येतंय का?'

सासूला नावानं हाक मारायची म्हणजे काय, हे कोणत्याही सुनेला विचारा. मी खिडकीतून बाहेर कोणी नाही ना ते बघितलं, आणि ते नाव मोठ्यानं वाचलं.

स्क्रीनवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, 'ओ.'